गेज बदलताना: लिनक्सच्या खिडक्यांचा नवा पाया

उबंटू या लिनक्स प्रणालीच्या लॉगिन स्क्रीनवर खाली उजव्या कोपऱ्यात एक लहानसे दातेरी चाक दिसायचे. त्यावर क्लिक केले की दोन ओळी उघडत: ‘उबंटू’ आणि ‘उबंटू ऑन एक्स-ऑर्ग’. मराठी टाइप करताना काही अडले किंवा स्क्रीन शेअर होईना, की जाणकार माणूस फोनवर सांगायचा, ‘चाकावर जा आणि दुसरी ओळ निवड.’ ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या उबंटू २५.१० मधून ती दुसरी ओळ गेली.

ओळ एकच गेली, पण तिच्यामागे चाळीस वर्षांची व्यवस्था उभी होती. यूनिक्स आणि लिनक्सच्या स्क्रीनवर खिडक्या काढणारी एक्स विंडो सिस्टीम हळूहळू बाजूला होत आहे आणि तिच्या जागी वेलँड येत आहे. गावातल्या टायपिंगच्या दुकानात, शाळेच्या संगणक खोलीत किंवा घरच्या जुन्या लॅपटॉपवर जे लिनक्स वापरतात, त्यांच्या रोजच्या कामाला हा बदल कुठे कुठे लागतो, ते या लेखात क्रमाने पाहू.

मुरंब्याचा धागा

यूनिक्स, वर्कस्टेशन हे शब्द आपल्या मूर्तिजापूर तालुक्याला परके वाटायचे कारण नाही. भारताच्या परम महासंगणकाचे शिल्पकार डॉ. विजय भटकर यांचा जन्म ११ ऑक्टोबर १९४६ रोजी याच तालुक्यातल्या मुरंबा गावी झाला. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाली, तेव्हा ते तिचे संस्थापक कार्यकारी संचालक होते. १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला.

आपल्या विषयाशी त्याहून जवळचे नाते आहे ते १९९८ च्या परम १०००० चे. तो एकच अवाढव्य यंत्र नव्हता. सन मायक्रोसिस्टीम्सची यूनिक्स यंत्रे वेगवान जाळ्याने एकमेकांना जोडून तो उभा केला होता. प्रत्येक यंत्रात ४०० मेगाहर्ट्झचे अल्ट्रास्पार्क-२ प्रोसेसर होते आणि त्यांवर सोलारिस ही यूनिक्स प्रणाली चालत होती. सन कंपनी १९८२ मध्ये ज्या चौघांनी उभारली, त्यांतले विनोद खोसला पुण्यात जन्मलेले.

त्या काळी वर्कस्टेशन म्हणजे अभियंत्याच्या किंवा शास्त्रज्ञाच्या टेबलावरचे, मोठ्या स्क्रीनचे, महागडे यूनिक्स यंत्र. आज ती जागा साध्या पीसीवरच्या लिनक्सने घेतली आहे. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतले प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालते. नोव्हेंबर २०२० च्या यादीत ६३ व्या क्रमांकावर असलेला सी-डॅकचा परम सिद्धी-एआय त्यांतलाच. म्हणजे महासंगणकावर आहे त्याच घराण्यातली प्रणाली आपल्या दहा वर्षे जुन्या लॅपटॉपवरही आहे.

एक्सचा जन्म

यूनिक्स १९६९ मध्ये बेल लॅब्समध्ये सुरू झाले, तेव्हा त्याला खिडक्या नव्हत्या, फक्त अक्षरे होती. स्टॅनफर्ड विद्यापीठात ‘व्ही’ नावाच्या प्रणालीसाठी ‘डब्ल्यू’ नावाची खिडक्यांची व्यवस्था लिहिली गेली. १९८४ मध्ये एमआयटीत बॉब शाइफ्लर यांनी ती नव्याने बांधली आणि वर्णमालेतले पुढचे अक्षर तिला नाव म्हणून दिले: एक्स. जिम गेटिस यांनी तिच्यावर त्यांच्यासोबत काम केले. सप्टेंबर १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली. त्या आवृत्तीचे नियम इतके पक्के निघाले की बारावी कधी लागलीच नाही. म्हणूनच आजही आपण एक्स११ म्हणतो.

एक्सची मूळ कल्पना विलक्षण होती. प्रोग्राम एका यंत्रावर चालेल आणि त्याची खिडकी दुसऱ्याच यंत्राच्या स्क्रीनवर उघडेल. विद्यापीठात एक मोठे यंत्र आणि त्याला जोडलेल्या पन्नास स्क्रीन, असा तो जमाना होता. त्यामुळे एक्समध्ये शब्दही उलटे वाटतात. तुमच्या टेबलावर स्क्रीन, माउस आणि कीबोर्ड सांभाळतो तो ‘सर्व्हर’, आणि लांबच्या यंत्रावर चालणारा प्रोग्राम हा त्याचा ‘क्लायंट’. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा पहिल्या दिवशी इथेच गोंधळ होतो. स्क्रीनची सेवा जो देतो तो सर्व्हर, एवढे धरून ठेवले की तो मिटतो.

मग बदल कशासाठी?

पहिले कारण सुरक्षिततेचे आहे. एक्सची घडण झाली तेव्हा एका स्क्रीनवरचे सगळे प्रोग्राम एकमेकांच्या विश्वासातले मानले जात. त्यामुळे एक्सच्या नेहमीच्या सत्रात कोणताही प्रोग्राम दुसऱ्या खिडकीत दाबलेल्या कळा वाचू शकतो आणि संपूर्ण स्क्रीनचे चित्रही घेऊ शकतो. इंटरनेटवरून उतरवलेला एखादा खेळ आणि शेजारच्या खिडकीत उघडलेले बँकेचे पान, यांच्यामध्ये भिंतच नाही.

दुसरे कारण कामाच्या वाटणीचे आहे. पूर्वी रेघा, अक्षरे, चौकोन हे सगळे एक्स स्वतः काढत असे. आता प्रत्येक प्रोग्राम आपले चित्र ग्राफिक्स कार्डाच्या मदतीने स्वतः तयार करतो आणि ‘कंपोझिटर’ नावाचा भाग ती चित्रे एकावर एक रचतो. एक्स मध्ये उभा राहून नुसते निरोप इकडून तिकडे पोचवतो. या फेऱ्यांत वेळ जातो, आणि व्हिडिओ पाहताना चित्र मधूनच फाटल्यासारखे दिसते त्याचेही मूळ बऱ्याचदा इथे असते.

तिसरे कारण माणसांचे आहे. एक्सचा कोड जुना, पसरलेला आणि हात लावायला अवघड आहे. त्याची निगा राखणाऱ्यांपैकी अनेकांनी स्वतःच वेलँडकडे वळायचे ठरवले. लिनक्सवर एक्स चालवणाऱ्या एक्स-ऑर्ग सर्व्हरची शेवटची मोठी आवृत्ती, २१.१, ऑक्टोबर २०२१ मध्ये आली. त्यानंतर आल्या त्या सुरक्षेच्या आणि किरकोळ दुरुस्त्या.

वेलँड वेगळे काय करते

वेलँडची सुरुवात २००८ मध्ये क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी केली. नाव अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वेलँड गावावरून आले. वेलँड १.० ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले.

वेलँड हा प्रोग्राम नाही, नियमांचा संच आहे. एक्समध्ये सर्व्हर वेगळा, कंपोझिटर वेगळा आणि खिडक्या हलवणारा विंडो मॅनेजर वेगळा असे. वेलँडमध्ये ही तिन्ही कामे एकच घटक करतो: ग्नोम या डेस्कटॉपमध्ये मटर आणि केडीई या डेस्कटॉपमध्ये केविन. प्रोग्राम आपले तयार चित्र थेट त्याच्या हाती देतो. प्रत्येक खिडकीला फक्त तिच्यावर दाबलेल्या कळा कळतात. दुसऱ्या खिडकीत काय चालले आहे ते तिला दिसत नाही. स्क्रीन शेअर करायची असेल तर प्रोग्रामला परवानगी मागावी लागते आणि कोणती खिडकी दाखवायची ते तुम्ही निवडता.

हा फरक डोळ्यांनी पाहता येतो. एक्सच्या जुन्या सामानात ‘एक्स-आइज’ नावाचा छोटा प्रोग्राम आहे. त्यात दोन मोठे डोळे माउसच्या बाणाकडे टक लावून पाहतात. एक्सच्या सत्रात तुम्ही बाण कुठेही न्या, डोळे त्याच्यामागे फिरतात, कारण बाण कुठे आहे ते कोणालाही विचारता येते. वेलँडच्या सत्रात तोच प्रोग्राम उघडा. बाण त्याच्या किंवा एक्सच्याच दुसऱ्या एखाद्या जुन्या प्रोग्रामच्या खिडकीवर आहे तोवर डोळे फिरतात. तो वेलँडच्या खिडकीवर गेला, की डोळे जागच्या जागी थांबतात. विद्यार्थ्यांना सुरक्षिततेवर तासभर सांगण्याऐवजी हे दोन मिनिटांत दाखवावे. मुद्दा कायमचा लक्षात राहतो.

जुन्या प्रोग्रामांचे काय?

मूर्तिजापूरकरांना हे समजायला सोपे आहे. आपल्या जंक्शनवर मुंबई–हावडा मार्गाची ब्रॉडगेज आणि यवतमाळ व अचलपूरकडे जाणारी, शकुंतला या गाडीची अडीच फुटी नॅरोगेज अशा दोन रुंदीच्या वाटा एकत्र येत. शकुंतलेचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत चालले. नॅरोगेजचा डबा ब्रॉडगेजवर चालत नाही. माल मधे उतरवायचा, दुसऱ्या गाडीत चढवायचा, आणि मग तो पुढे जायचा.

वेलँडमध्ये ही माल बदलण्याची जागा म्हणजे एक्स-वेलँड. फक्त एक्सची भाषा कळणारा जुना प्रोग्राम सुरू झाला, की एक्स-वेलँड आपोआप जागे होते, त्याची खिडकी आपल्याकडे घेते आणि वेलँडच्या हवाली करते. वापरणाऱ्याला बहुतेक वेळा हे कळतही नाही. दहा वर्षांपूर्वीचे हिशेबाचे सॉफ्टवेअर, जुना खेळ, महाविद्यालयातले आराखड्यांचे सॉफ्टवेअर यांतले बरेच काही याच वाटेने चालत राहते.

अडचण येते ती तीन प्रकारच्या सॉफ्टवेअरना. दुरून दुसऱ्याचा संगणक हाताळणारी, सगळ्या स्क्रीनचे चित्रण करणारी, आणि इतर खिडक्यांवर आपोआप कळा दाबणारी. त्यांचे कामच दुसऱ्याच्या खिडकीत शिरण्याचे असते, आणि ती वाट वेलँडने बंद केली आहे. अशा सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या परवानगी मागण्याच्या पद्धतीने लिहाव्या लागतात. तुमचे काम यांतल्या एखाद्यावर अवलंबून असेल, तर आधी त्याची वेलँडसाठीची आवृत्ती आली आहे का ते पाहा.

कोणत्या आवृत्तीत काय बदलले

बदल एका रात्रीत झालेला नाही. फेडोरा या लिनक्स वितरणाने नोव्हेंबर २०१६ मध्ये, २५ व्या आवृत्तीत, वेलँड हे नेहमीचे सत्र केले. उबंटूने २०१७ मध्ये प्रयत्न केला, पुढच्याच आवृत्तीत माघार घेतली आणि २०२१ मध्ये पुन्हा तोच रस्ता धरला. खरा वेग आला तो २०२५ मध्ये:

– रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स १०, मे २०२५: एक्स-ऑर्ग सर्व्हर काढला. जुन्या प्रोग्रामांसाठी एक्स-वेलँड ठेवले.

– डेबियन १३, ऑगस्ट २०२५: यात ग्नोम ४८ आहे आणि एक्सचे सत्र अजून निवडता येते.

– ग्नोम ४९, सप्टेंबर २०२५: एक्सचे सत्र मुळातूनच बंद ठेवून प्रसिद्ध झाले. ग्नोम ५० च्या तयारीत, नोव्हेंबर २०२५ मध्ये, मटरमधला त्यासाठीचा कोडच काढण्यात आला.

– उबंटू २५.१० आणि फेडोरा वर्कस्टेशन ४३, ऑक्टोबर २०२५: दोन्हींत ग्नोम फक्त वेलँडवर.

– केडीई: त्याच्या प्लाझ्मा डेस्कटॉपच्या ६.८ आवृत्तीपासून फक्त वेलँड, अशी घोषणा नोव्हेंबर २०२५ मध्ये झाली. त्याआधीच्या प्लाझ्मामधले एक्सचे सत्र २०२७ च्या सुरुवातीपर्यंत सांभाळले जाणार आहे.

घाई नको असेल त्यांच्यासाठी मोकळी जागा आहे. उबंटू २४.०४ या दीर्घकालीन आवृत्तीत ते दातेरी चाक आणि त्यातली दुसरी ओळ शाबूत आहे, आणि तिला २०२९ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. लिनक्स मिंट २२ चा सिनॅमन डेस्कटॉप अजून एक्सवरच चालतो. त्यातले वेलँड प्रायोगिक आहे.

तुमच्याकडे काय आहे ते असे पाहा

ग्नोममध्ये सेटिंग्ज उघडा, ‘सिस्टीम’मध्ये ‘अबाउट’वर जा आणि ‘सिस्टीम डिटेल्स’ पाहा. ‘विंडोइंग सिस्टीम’ या ओळीपुढे वेलँड किंवा एक्स११ असे स्पष्ट लिहिलेले असते. केडीईमध्ये ‘इन्फो सेंटर’ उघडा आणि ‘ग्राफिक्स प्लॅटफॉर्म’ ही ओळ पाहा. पुष्कळ जणांना इथे आश्चर्य वाटते. ते तीन-चार वर्षांपासून वेलँडवरच असतात आणि त्यांना जाणवलेलेही नसते.

मराठी टायपिंग: पहिली तपासणी

मराठी माणसासाठी या बदलातला सर्वांत नाजूक भाग कीबोर्डचा आहे. इंग्रजीत एक कळ दाबली की एक अक्षर उमटते. फोनेटिक पद्धतीने मराठी लिहिताना मात्र दोन-तीन कळा मिळून एक जोडाक्षर होते, आणि ते जुळवण्यासाठी मधे आयबस किंवा फसिटिक्ससारखा एक प्रोग्राम लागतो. एक्समध्ये हा प्रोग्राम कळा एका वाटेने घेत असे. वेलँडमध्ये त्या कंपोझिटरच्या हातून येतात. वाट बदलली की काही खिडक्यांत मराठी उमटते आणि काहींत उमटत नाही, असा प्रकार होतो.

ग्नोममध्ये आयबस आतच जोडलेले आहे. सेटिंग्जमध्ये ‘कीबोर्ड’, मग ‘इनपुट सोर्सेस’, आणि तिथे मराठी जोडा. सुपर आणि स्पेस या कळा एकत्र दाबल्या की भाषा बदलते. केडीईमध्ये एक पायरी जास्त आहे आणि लोक नेमके तिथेच अडतात. सिस्टीम सेटिंग्जमध्ये ‘व्हर्च्युअल कीबोर्ड’ या पानावर जाऊन आयबस किंवा फसिटिक्सचा वेलँडसाठीचा पर्याय निवडावा लागतो. पानाचे नाव ऐकून वाटते की हा टचस्क्रीनचा मामला असेल. तसे नाही. मराठी टायपिंगची चावी तिथेच आहे.

लिनक्समध्ये मराठीसाठी इनस्क्रिप्ट, फोनेटिक, आयट्रान्स आणि गमभन अशा पद्धती मिळतात. यांतल्या इनस्क्रिप्टचा एक फायदा आहे. तिच्यात प्रत्येक अक्षराची कळ ठरलेली असते. त्यामुळे ती थेट कीबोर्डच्या मांडणीतूनही चालते आणि मधल्या प्रोग्रामवर अवलंबून राहत नाही. बदलाच्या काळात हीच पद्धत सर्वांत कमी त्रास देते.

‘दऱ्या’ आणि ‘दर्या’

टायपिंग शिकणारी एक मुलगी नव्याने लिनक्स टाकलेल्या संगणकावर बसली होती. थोड्या वेळाने म्हणाली, “सर, अर्धा र येऊनच नाही राहिला.” तिला ‘डोंगर-दऱ्या’ लिहायचे होते आणि दर वेळी ‘डोंगर-दर्या’ उमटत होते. डोंगराला समुद्र चिकटला होता. दोष वेलँडचा नव्हता. बसवताना मराठीऐवजी हिंदीचा बोलनागरी कीबोर्ड निवडला गेला होता. त्यात तिला ‘र’ची कळ लगेच सापडली होती, मराठीचा ‘ऱ’ मात्र सापडत नव्हता.

युनिकोडमध्ये साधा ‘र’ आणि खाली टिंब असलेला ‘ऱ’ ही दोन वेगळी अक्षरे आहेत. साध्या ‘र’ला हलन्त करून पुढे ‘या’ दिला की रफार वर चढतो आणि ‘दर्या’ होतो. ‘ऱ’ घेतला तरच ‘दऱ्या’ मिळतो. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरक्या रेघेची कळ आणि शेवटी ई, असे दाबले की ‘ऱ्या’ उमटतो. संगणक बदलला, प्रणाली बदलली, डेस्कटॉप बदलला, की पहिली ओळ हीच टाइप करून पाहा: ‘दऱ्या, दर्या, ॲप, ळ’. ही चार अक्षररूपे नीट आली तर बाकीचे मराठी सहसा नीटच येते. यातला ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत आला. त्यामुळे फार जुन्या फॉन्टमध्ये तो सापडणार नाही.

ही चाचणी एकाच खिडकीत करून थांबू नका. लिब्रऑफिसमध्ये करा, ब्राउझरमध्ये करा आणि काळ्या टर्मिनलमध्येही करा. एका ठिकाणी येते आणि दुसऱ्या ठिकाणी येत नाही, असे दिसले तर दोष बहुधा फॉन्टचा नसतो, कळांच्या वाटेचा असतो.

फॉन्ट: ‘ल’ आणि ‘श’ आपले हवेत

खिडकी वेलँड दाखवते, पण तिच्यातले अक्षर घडवणारे कारागीर वेगळे असतात. जोडाक्षरे जुळवण्याचे काम बहुतेक लिनक्स डेस्कटॉपवर हार्फबझ हे सॉफ्टवेअर करते. एक्सवरून वेलँडवर जाताना ते बदलत नाही. म्हणून आधी नीट दिसणारी मराठी नंतरही तशीच दिसते.

फॉन्टची निवड मात्र आपल्या हाती आहे. रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये लोहित हे भारतीय लिप्यांचे फॉन्ट सर्वांसाठी खुले केले. लोहित म्हणजे लाल. मुंबईच्या एक टाइपचा मुक्त आणि आयआयटी मुंबईचा शोभिका हेही मोकळेपणाने वापरता येतात. महाराष्ट्र शासनाच्या १० नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ठरवून दिले आहेत. काही फॉन्टमध्ये हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणे असतात, आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली तरच मराठी वळण दिसते. लिब्रऑफिसमध्ये खालच्या पट्टीवर भाषेचे नाव असते. ते हिंदी असेल तर मराठी करा.

टायपिंगच्या दुकानांत श्री-लिपी, कृतिदेव, आकृती अशा जुन्या फॉन्टमधल्या फायली अजून ढिगाने आहेत. लिनक्सवर उघडल्या की त्यांत इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. तो वेलँडचा दोष नाही. त्या फायली युनिकोडमध्ये नाहीत, एवढेच त्याचे कारण. प्रणाली बदलण्याआधी त्या युनिकोडमध्ये आणून ठेवणे हे सर्वांत शहाणपणाचे काम.

जुनी यंत्रे आणि नवी संधी

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चांगली चालणारी कितीतरी यंत्रे निरुपयोगी ठरवली गेली. अशा यंत्रावर लिनक्स टाकले तर ते आणखी काही वर्षे काम देते.

अशा यंत्रासाठी तीन गोष्टी पाहा. पहिली, प्रोसेसर ६४ बिटचा आहे का. डेबियन १३ पासून ३२ बिटच्या यंत्रांसाठी इन्स्टॉलरच मिळत नाही. दुसरी, मेमरी. चार जीबी असेल तर ग्नोमपेक्षा एक्सएफसीई हा डेस्कटॉप हलका पडतो. त्याच्या डिसेंबर २०२४ च्या ४.२० आवृत्तीत वेलँड प्रायोगिक आहे, म्हणून तिथे निर्धास्तपणे एक्स वापरा. तिसरी, ग्राफिक्स कार्ड. इंटेल आणि एएमडीच्या कार्डांना वेलँडवर सहसा अडचण येत नाही. एनव्हिडियाच्या कार्डांवर चित्र लुकलुकण्याचा जुना त्रास २०२४ च्या ५५५ या ड्रायव्हरपासून बराच कमी झाला. मात्र मॅक्सवेल आणि पास्कल पिढीच्या कार्डांसाठी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची शाखा आहे. जुने एनव्हिडिया कार्ड असेल तर नवे लिनक्स टाकण्याआधी यूएसबीवरून चालवून पाहा आणि मगच बसवा.

इतर यूनिक्सची खबर

जुन्या नावाजलेल्या वर्कस्टेशनांचे दिवस संपत आले आहेत. सन कंपनी २०१० मध्ये ओरॅकलने घेतली. सन, एचपी, आयबीएमच्या यंत्रांवर दिसणारा सीडीई हा डेस्कटॉप २०१२ मध्ये मुक्त परवान्याखाली आला आणि हौसेने तो आजही लिनक्सवर चालवता येतो. एचपी-यूएक्स ११आय व्ही३ चा नियमित आधार ३१ डिसेंबर २०२५ ला संपला. फ्रीबीएसडी या यूनिक्स घराण्यातल्या प्रणालीची १५.० ही आवृत्ती डिसेंबर २०२५ मध्ये आली. तिथे एक्स अजून नेहमीच्या वापरात आहे.

एक्सवर प्रेम करणारेही स्वस्थ बसलेले नाहीत. जून २०२५ मध्ये एक्स-लिब्र नावाने एक्स-ऑर्गची स्वतंत्र शाखा निघाली. वेबॅक नावाचा दुसरा प्रकल्प एक्सचा अख्खा जुना डेस्कटॉप वेलँडच्या आधारावर चालवण्याच्या प्रयत्नात आहे. घरी शिकण्यासाठी दोन्ही जरूर पाहावेत. दुकानाच्या किंवा कचेरीच्या कामाच्या यंत्रावर मात्र आपल्या वितरणाने दिलेलेच वापरावे.

बदलण्याआधी ही कामे करा

१. सगळ्या फायलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणा.

२. नवी आवृत्ती आधी यूएसबीवरून चालवा. त्यात मराठी कीबोर्ड जोडा आणि ‘दऱ्या, दर्या, ॲप, ळ’ तीन ठिकाणी टाइप करा.

३. प्रिंटर आणि स्कॅनर तपासा. ऑनलाइन वर्गासाठी स्क्रीन शेअर करत असाल तर तेही एकदा करून पाहा.

४. काही अडले तर कोणत्या प्रोग्राममध्ये अडले ते लिहून ठेवा. ‘लिनक्स चालत नाही’ या तक्रारीला उत्तर नाही. ‘केडीईमध्ये आयबस निवडले, लिब्रऑफिसमध्ये मराठी येते, ब्राउझरमध्ये येत नाही’ या तक्रारीला आहे.

५. रोजच्या कामाच्या यंत्रावर दीर्घकालीन आवृत्तीच ठेवा. दर सहा महिन्यांच्या आवृत्त्या शिकण्यासाठी उत्तम, बिले काढण्यासाठी नाहीत.

वाचकांना विनंती

माझे मत स्पष्ट आहे. नवे यंत्र असेल तर वेलँडवर जा, भिऊ नका. जुने यंत्र असेल तर २०२९ पर्यंत वेळ आहे, सावकाश जा. पण दोन्ही वेळा मराठी स्वतः तपासून जा, कारण ते काम दुसरे कोणी आपल्यासाठी करणार नाही. बोस्टनमध्ये किंवा बर्लिनमध्ये बसलेल्या प्रोग्रामरला ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’तला फरक माहीत नसतो. तो त्याला मराठी माणसानेच सांगावा लागतो.

ग्नोम आणि केडीई या दोन्हींचे मराठी भाषांतर स्वयंसेवक करतात आणि तिथे हात कमी आहेत. महाविद्यालयातल्या मुलांनी दुरुस्तीची एक नोंद केली, शिक्षकांनी मेनूतले दहा शब्द चांगल्या मराठीत आणले, टायपिंगवाल्यांनी कोणता कीबोर्ड कुठे अडतो ते कळवले, तर त्याचा लाभ जगभरच्या मराठी संगणकांना होतो. मुरंब्याच्या मुलाने देशाला महासंगणक दिला. त्याच तालुक्यातून मराठीची एक चूक दुरुस्त होऊन सगळ्यांच्या स्क्रीनवर पोचावी, एवढे तर आपल्याला सहज जमेल. आज संध्याकाळी संगणक उघडाल, तेव्हा पहिला शब्द ‘दऱ्या’ टाइप करून पाहा, आणि तो चुकला तर गप्प बसू नका.